त्रिकोण की चौकोन?

किस्से जमवावे लागत नाहीत. चार इंजिनिअर एका खोलीत बसवा, आपोआप साठतात!

नव्वदच्या आसपास जळगावच्या आमच्या डिझाइन ऑफिसात कॉम्प्युटर आला. काँक्रीटच्या धरणाचा छेद घ्यायचा, त्याचे छोटे तुकडे पाडायचे, मग कॉम्प्युटर प्रत्येक तुकड्यातला ताण सांगणार. भांडण एकच, तुकडे कसे पाडायचे? धुळ्याकडचा सोनवणे म्हणायचा त्रिकोण, असोद्याचा चौधरी म्हणायचा चौकोन.

"त्रिकोण ताठर असतात, खरा ताण लपवतात!"

"आणि तुझ्या चौकोनांचं गणित सुटेपर्यंत लाइट जाते!"

लाइट जायचीच.

*

धरणाची पाण्याकडची खालची कड म्हणजे टाच. चौधरीने तिथले तुकडे बारीक केले, ताण वाढला. अजून बारीक केले, अजून वाढला! साहेबांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

"बारीक केलं की धरण फुटतं ना? मग जाडच ठेवा!"

*

पुण्याहून एक सल्लागार आले. त्यांनी त्रिकोणही नको, चौकोनही नको, पातळ कवचाचे तुकडे घ्या म्हणून सांगितलं. चौधरीला राहवेना.

"सर, हे धरण आहे. पापड नाही!"

सल्लागार चहा न घेताच स्टेशनवर गेले.

*

सोनवणेचे वडील, आबा, काही कामाने जळगावला आले होते. ऑफिसात डोकावले. स्क्रीन बघून म्हणाले, "हाई काय शे?"

"धरण, आबा."

"बठ्ठा त्रिकोणच शेतस. पानी कोठे शे?"

पाण्याचा दाब बाणांनी दाखवतात. सोनवणेने ते बाण दाखवले. आबांनी मान डोलावली.

"मंग कपाशीले बानच द्या!"

*

शेवटी साहेबांनी सोनवणेचे त्रिकोण मंजूर केले. धरण अजून कागदावरच होतं, पण वाद मिटला. चौधरी दोन-चार दिवस डबा एकट्यानेच खात होता.

त्याच आठवड्यात सोनवणेच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमलं. तो पेढे घेऊन आला, चेहरा नुसता फुललेला. पहिला पेढा त्याने चौधरीपुढे धरला.

"पोरगा मास्तर आहे. घरचे लोक फार चांगले."

"गाव कुठलं?" चौधरीने विचारलं.

सोनवणेने सांगितलं. आम्ही सगळ्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. गाव आमच्याच धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. चौधरीने पेढा तोंडात टाकला आणि जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, तर सोनवणे आमच्या आधीच मशीनपुढे बसलेला. मागे न बघता म्हणाला,

"चौधरी, खुर्ची घेऊन इकडे ये. तुझे ते चौकोन कसे घालतात रे?"