गोरोबांनी वारा अडवला

गोरोबा एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं होते, आणि एकतीस वर्षं त्यांनी फक्त खिडक्या बसवल्या. काचा, सरकपट्ट्या, रबर. इंजिन दुरुस्त करणाऱ्याचं नाव निघायचं, खिडकीवाल्याचं कधी निघालं नाही. निवृत्त होऊन ते येरमाळ्याला आपल्या दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात राहायला आले, ते असेच गप्पगप्प.

डिसेंबर लागताच त्यांची मुलगी मोनिका महिनाभर आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, वजन एक किलो सातशे ग्रॅम. दवाखान्यात तेरा दिवस काचेच्या पेटीत ठेवून डॉक्टरांनी घरी सोडलं तेव्हा ती एक किलो आठशे भरली होती. निघताना त्यांनी बजावलं, "बाळाला ऊब हवी. वाऱ्याचा झोत लागू देऊ नका. आणि खोलीत शेगडी, धूर अजिबात नको."

येरमाळ्याचा वारा म्हणजे माळावरून सरळ घरात. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी नेमकी उत्तरेला. गोरोबांनी दोनशे वॅटचा बल्ब पहिल्याच दिवशी टांगला, मोनिका पोरीला छातीशी धरून बसली, तरी पहाटे पडदा हलायचाच.

तिसऱ्या दिवशी आशाताई प्रतीक्षा आली. झोळीच्या काट्याला बाळ लावलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा, पन्नास ग्रॅम कमी भरलंय. पाय बघा, बर्फावानी. पेलेलं दूध वाढीला न्हाय लागत, ऊब धरायलाच खर्ची पडायलंय."

ती गेल्यावर गोरोबांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, माळ्यावरची शेगडी खाली काढली. "आमच्या येळंला बाजंखाली शेगडीच असायची."

"डॉक्टरांनी नको म्हणलंय," गोरोबा म्हणाले.

"मग काय नुसतं बघत बसायचं व्हय? उद्या न्हाय, परवा सकाळपर्यंत थांबते म्या. खोली गरम झाली न्हाय तर कोळसा पेटवणार."

गोरोबा उठून कृष्णराजकडे गेले. कृष्णराज रेशमाचे किडे पाळायचा, त्याच्या शेडमध्ये भिंतीला थर्मामीटर होता. "आमच्या किड्यान्ला पंचवीस डिग्री लागतंय मामा," तो म्हणाला, "त्याच्या खाली गेलं की पानंच खात न्हाईत." थर्मामीटर घरी आणून खोलीत लावला तर पारा सतरावर.

"किड्याला पंचवीस," गोरोबा पुटपुटले, "आन् माझ्या नातीला सतरा."

मग कामाला लागले. मोनिकाला आणि बाळाला बाहेरच्या खोलीत उन्हाच्या बाजूला बसवलं. उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेकडेनं फिरवली. जिथं धूर वाकला तिथं खडूनं खूण. सायकलची जुनी ट्यूब कात्रीनं कापून बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या, पंक्चरच्या सोल्यूशननं झडपांना चिकटवल्या, कड्या ठोकून घट्ट केल्या. संध्याकाळी झडप लावली तर 'धप्' असा भरीव आवाज आला. गोरोबा खूश झाले.

सकाळी पारा एकोणिसावर होता.

धुरपदाबाईंनी शेगडी दारात आणून ठेवली. पुढच्या सकाळी ती पेटणार होती. गोरोबा खिडकीसमोर स्टूल टाकून बसले. झडपा तर पक्क्या होत्या. मग वारा येतो कुठून? वर्कशॉपात पावसाळ्यात गाड्या गळायच्या, तेव्हा सगळे काचेला नावं ठेवायचे. पाणी मात्र काचेतून येत नसे, चौकट आणि पत्रा यांच्या मधून येई.

ते ताडकन उठले. उदबत्ती आता झडपेला न लावता चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावर धरली. धूर आडवा झाला.

"सापडला!" ते ओरडले. "मोने, सापडला बघ!"

छिन्नी लावून गिलावा फोडला. आत बोट जाईल एवढी फट, आणि गवंड्यानं तिच्यात सिमेंटच्या पिशवीचा कागद कोंबलेला. तो सगळा ओढून काढला. चिंध्या सिमेंटच्या पाण्यात बुडवून फटीत ठासल्या, वरून सिमेंट-वाळूचा माल भरला, थापीनं गुळगुळीत केलं. मोनिकानं दारातून विचारलं, "आप्पा, सगळंच बंद केलं तर कोंडल न्हाय का?"

"वरचा झरोका उघडा हाय की. हवा पाहिजे, झोत नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच धुरपदाबाई खोलीत गेल्या. पडदा निश्चल. थर्मामीटरवर बोट टेकवून त्यांनी हाक मारली.

"अवो, हितं या. पंचवीस म्हंजी हीच रेघ ना?"

"व्हय."

"रेघंच्या थोडं वरच हाय की!" त्यांनी दारातली शेगडी उचलली, अंगणात नेली आणि तिच्यावर अंघोळीचं पाणी ठेवलं.

प्रतीक्षाच्या पुढच्या खेपेला झोळीचा काटा एक किलो नऊशेवर गेला. मग दोन किलो, मग त्याच्याही पुढं. प्रतीक्षाला राहवेना. पलीकडच्या गल्लीत असंच एक कमी वजनाचं बाळ होतं. "मामा, तेवढं तिथं येऊन बघता का?" गोरोबा ट्यूबच्या पट्ट्या आणि उदबत्तीचा पुडा घेऊन निघाले. त्या घरी खिडकी ठीक होती, दाराखाली चार बोटं फट होती. दुपारपर्यंत तीही बुजली. मग तिसऱ्या घरचं बोलावणं आलं. गल्लीतली माणसं त्यांना हाक मारून थांबवू लागली, आणि गोरोबा खिडक्यांवर बोलू लागले. पूर्वी ज्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही, ते आता अर्धा अर्धा तास चौकटीबद्दल सांगायचे.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी प्रतीक्षा काटा घेऊन आली. बाळाला झोळीत घातलं आणि त्यानं असं भोकाड पसरलं की शेजारच्या बायका दारात जमा झाल्या. काटा थरथरत वर गेला, थांबला.

"अडीच किलो!" प्रतीक्षा ओरडली. "मामा, अडीच किलो पुरं!"

मोनिका हसता हसता रडायला लागली. धुरपदाबाईंनी बाळावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. गोरोबा झोळीजवळ वाकले आणि लालबुंद झालेल्या नातीला म्हणाले, "रड, आणिक जोरात रड! सगळ्या येरमाळ्याला ऐकू जाऊ दे!"

आणि ती रडलीही, अगदी जोर लावून.