मनगटावरचा हात

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कुसुमताई रुग्णाच्या खाटेशी स्टूल ओढून बसायच्या आणि त्याचं मनगट हातात घेऊन गप्पा मारायच्या. यंदा काय पेरलं, सून कुठली केली, चहात साखर किती. रुग्णाला वाटे, बाई नाडी बघताहेत. पण त्यांची नजर घड्याळाकडे कधीच नसे. बडोद्यात आम्ही बरीच वर्षं बरोबर काम केलं. भूल त्या द्यायच्या, कापाकापी माझी.

"ताई, एवढा वेळ काय मोजता?" मी एकदा विचारलं.

"मोजायला मशीन आहे. मी नुसतं धरते. उद्या टेबलावर त्याला दिवे दिसणार आणि तोंडं बांधलेली माणसं. एक तरी हात ओळखीचा नको?"

रावपुऱ्यातलं त्यांचं घराणं जुन्या कारभाऱ्यांचं, त्यामुळे घाई रक्तातच नाही, असं त्या सांगत. मला मात्र घाई फार. "कुठली गाडी पकडायचीय तुला?" हे त्यांचं ठरलेलं. मराठी अगदी स्वच्छ बोलत, पण थिएटरात एक गुजराती शब्द त्यांना पुरेसा होता: "निरांते." सावकाश, जिवाला घोर न लावता.

पादरा गावच्या एका भाजीवाल्या बाईंचं पित्ताशय दुर्बिणीनं काढायचं होतं. त्यासाठी आधी पोटात गॅस भरतात. मी भरायला घेतला आणि मॉनिटरची टिकटिक विरळ होत गेली. रक्तदाबही घसरला. पोट ताणलं की काहींचं हृदय असं मंदावतं, हे मी वाचलेलं होतं. समोर घडताना पहिल्यांदाच पाहत होते.

ताईंचा आवाज चढला नाही. "गॅस सोड, बेटा. सगळा. हात बाजूला घे." बोलता बोलता त्यांनी सलाइनमधून इंजेक्शन दिलंसुद्धा. दुसरा हात बाईंच्या मनगटावर. टिकटिक हळूहळू भरत आली, मागोमाग दाबही.

"आज राहू दे, ताई," मी म्हटलं.

"आता ठीक आहे ती. परत भर, पण कमी दाबानं. निरांते."

पित्ताशय निघालं. नंतर चहाच्या खोलीत ताईंनी माझं मनगट धरलं. "तुझी अजून पळतेय. आधी चिवडा खा," म्हणाल्या. मला रडूच आलं.

निवृत्तीनंतर त्या वासण्याला लेकीकडे राहायला गेल्या, आणि पुढे त्यांचंच पित्ताशय काढायची वेळ आली. वय झालेलं, हृदय मुळातच हळू चालणारं. भूल झेपेल की नाही, याची सगळ्यांना धास्ती. ताईंनी हट्टानं मलाच बोलावलं. "माझं हृदय आधीपासूनच कामचुकार आहे. काही झालं तर स्वतःला दोष देत बसू नकोस." मी हो म्हटलं. पण त्यांना गमावण्याची भीती मला रात्रभर झोपू देईना.

गॅस भरताना ताईंची नाडी उतरलीच. भुलीच्या नव्या डॉक्टरांनी सांगायच्या आत मी गॅस सोडून दिला होता. त्यांनी औषध दिलं. आम्ही थांबलो. टिकटिक परत आली, आणि उरलेलं काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं इतकं सावकाश केलं.

हातमोजे काढून मी त्यांच्या खाटेशी स्टूल ओढलं आणि मनगट धरून बसले. बऱ्याच वेळानं त्यांच्या पापण्या हलल्या.

"किती आहे?" त्या पुटपुटल्या.

"मोजली नाही, ताई."

"मग बरोबर धरलीस."