लिंबायतचे ठोके, मोबाईलवर

दवाखाना चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता साठत जातात: औषध कंपन्यांची पेनं आणि किस्से. पेनं पेशंट घेऊन जातात, किस्से उरतात. परवा कॉलेजच्या मैत्रिणी जमलो होतो, तेव्हा एकीने विचारलं, "तुझ्या त्या लिंबायतमध्ये मोबाईलचा काही उपयोग होतो का गं?" त्याचं उत्तर मी जेवणं होईपर्यंत देत होते.

माझा दवाखाना सुरतेत, लिंबायतला. मी मूळची धुळ्याची. पेशंट बहुतेक खानदेशातून लूमवर कामाला आलेले, त्यामुळे निम्मी तपासणी अहिराणीतच होते. मदतीला आमच्या नर्स मंगलाताई. आणि टेबलावर मोबाईल. तो घरी विसरला तर मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरते.

* * *

साड्यांच्या पॅकिंगला जाणारा सुनील भावाच्या लग्नासाठी गावी गेला होता. तिथून फोन आला, अंगावर पुरळ उठलंय. म्हटलं, फोटो पाठव. त्याने सेल्फी पाठवली. चेहरा असा उजळलेला, की पुरळ सोडाच, हनुवटीवरचा जुना व्रणसुद्धा गायब! बायकोचा फोन नवा होता आणि तो प्रत्येकाला आपोआप सुंदर करत होता.

मग व्हिडिओ कॉल लावायला लावला, त्याला उन्हात उभं केलं, शर्ट काढायला सांगितला. कांजण्या होत्या. औषध सांगितलं आणि बजावलं, "वेगळ्या खोलीत राहायचं. मांडवात अजिबात जायचं नाही."

सख्ख्या भावाचं लग्न. बिचाऱ्याने मान डोलावली. मग म्हणाला, "मॅडम, फोटोमा तर मी बरा शे. मांडवमा तो फोटोच धाडी देस."

* * *

बँकेतले जोगळेकर साहेब मनगटावर स्मार्ट घड्याळ घालतात. ते झोप मोजतं, ठोके मोजतं, आणि सकाळी काय मोजलं ते साहेब मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. झोप कमी दिसली की त्यांना काळजी वाटायची, आणि काळजीने पुढची झोप उडायची. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी सांगितलं, आठवडाभर घड्याळ कपाटात ठेवा.

आठवड्याने आले. चेहरा टवटवीत. विचारलं, "झोप कशी आहे?"

"तशी छान लागली असं वाटतं," ते म्हणाले, "पण मॅडम, माझ्याकडे पुरावा नाही."

* * *

कमलताई निवृत्त शिक्षिका. साखर जुनी आणि लहरी, मधेच एकदम खाली जायची. एकदा त्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. एकट्याच राहतात, शेजारणीने दार उघडलं म्हणून बरं. त्यांचा मुलगा बंगळूरला. त्याच्याशी बोलून मी त्यांच्या दंडावर सेन्सर लावला. बिल्ल्याएवढी चकती. साखर मोजते, फोनवर दाखवते, आणि मुलालाही तिकडे आकडा दिसतो.

चंदी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, सगळं सुरत घारी खातं. कमलताईंनीही खाल्ली. तुपात माखलेली, माव्याने भरलेली. आकडा चढला आणि बंगळूरहून फोन. "आई, काय खाल्लंस?" मग मुलाने मला फोन केला, मी ताईंना बोलावून घेतलं आणि चांगलं फैलावर घेतलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "मुलगा महिना महिना फोन करत नव्हता, डॉक्टर. आता एक घारी खाल्ली की लगेच करतो."

त्या दिवशी मी मुलाला पुन्हा फोन लावला. रोज संध्याकाळी आईला फोन, असं औषधांच्या चिठ्ठीवर लिहून तीही पाठवली. गोळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत. ताईंची साखर आता बरीच जागेवर आहे.

* * *

धर्मा आप्पांचं उभं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं आणि त्यात कान गेले. त्यांची छाती तपासायला मी नवीन स्टेथोस्कोप काढला. हा ब्लूटूथने मोबाईलला जोडायचा, ठोके मोठ्याने ऐकू येतात. पण मोबाईल आधीच बाहेरच्या स्पीकरला जोडलेला होता. मंगलाताई सकाळी त्यावर भजनं लावतात.

मी आप्पांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बाहेर धडाड धडाड सुरू झालं. बाकावरचे पेशंट इकडेतिकडे बघू लागले. कुणीतरी विचारलं, "आठे लूम कोनी चालू कया?" मंगलाताई स्पीकर बंद करायला धावल्या.

आप्पांनाही तो आवाज ऐकू आला होता. त्यांनी विचारलं, "हाई काय शे?"

मी त्यांच्या छातीवर बोट ठेवून कानाशी ओरडले. "तुमचंच आहे, आप्पा. चांगलं चाललंय."

आप्पा हरखून गेले. "इतला आवाज करस? मंग माले रोज कसा ऐकू येत नही?"

दारात उभी असलेली त्यांची बायको म्हणाली, "मी बी रोज बोलस. ते बी तुमले ऐकू येत नही."

* * *

नवागामचा संतोष रिक्षा चालवतो. एका दुपारी रिक्षा दाराशीच लावून आत आला. "ॲसिडिटीनी गोळी द्या मॅडम, लवकर. प्याशिंजर बसेल शे."

त्याचा शर्ट घामाने चिंब होता आणि डावा हात तो सारखा दाबत होता. मी त्याला झोपवलं. माझ्याकडे कंपासपेटीएवढं ईसीजी मशीन आहे, आलेख सरळ मोबाईलवर उमटतो. तो पाहिला आणि तसाच मेहुलभाईंना पाठवला. ते मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचे डॉक्टर. मी ॲस्पिरिन चघळायला देईपर्यंत त्यांचा फोन आला. "अटॅक छे. हमणां ज मोकलो. हूं तैयारी करावुं छुं."

लगेच पाठवा म्हणाले, तशी ॲम्ब्युलन्स बोलावली. पण संतोष उठून बसला. "बाईले स्टेशनवर सोडी येस, मंग जाऊत."

मी रागावले, समजावलं, घाबरवलं. मेहुलभाई व्हिडिओवरून समजावत होते. संतोषचं एकच, "बाईनी गाडी चुकी जाई."

मंगलाताई बाहेर गेल्या आणि त्या बाईंनाच आत घेऊन आल्या. वयस्क गुजराती बाई, हातात पिशवी. त्यांनी संतोषकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसल्या. "दीकरा, मने कोई उतावळ नथी. तू जा."

तेव्हा कुठे त्याने किल्ली मंगलाताईंच्या हातात दिली. तो हॉस्पिटलला पोचला तेव्हा त्याचा आलेख आधीच तिथे पोचला होता आणि सगळे हात धुऊन उभे होते. बंद पडलेली नस उघडली. त्याची बायको आशा पोचली तोवर तो शुद्धीवर होता, बोलत होता. त्या बाईंना गाडी मिळाली का, तेच विचारत होता.

तब्येत सुधारल्यावर, मेहुलभाईंच्या परवानगीने, तो पुन्हा रिक्षा चालवू लागला. एकदा माझ्याकडून तो ईसीजी स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मी मेहुलभाईंच्या गाडीतून एका मीटिंगला चालले होते. सिग्नलला पुढे एक रिक्षा उभी होती. लोक रिक्षाच्या मागे मुलांची नावं लिहितात, देवाचं नाव लिहितात. या रिक्षावर ऑइलपेंटने एक लांबलचक लाल आलेख रंगवलेला होता, प्रत्येक उंचवटा जसाच्या तसा.

मेहुलभाई स्टिअरिंगवर पुढे वाकले. "अरे, आ तो अटॅक छे. कोनो छे आ?"

"ज्याचा आहे, रिक्षा तोच चालवतोय," मी म्हटलं.