मामा वर गेले

माझे सखाराममामा निघताना कधीही ‘जातो’ म्हणत नसत. मेंढ्या घेऊन महिनोन्‌महिने परमुलखात फिरणाऱ्या आमच्या घरात तो शब्दच अशुभ. माझ्या तोंडून चुकून निघाला की ओरडत, “ए मास्तरीण, येते म्हण! परत यायला घर नाय का तुला?” घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून मास्तरीण.

मेंढ्या विकल्यावर मामा चितेगावला वॉचमन झाले. “गेट काय राखायचं? ते पळून जातं व्हय?” म्हणत. मग ओळखीतल्या एकाने बोलावलं आणि ते थेट फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर, डोंगरातल्या एका गावात मेंढरं राखू लागले. व्हिडिओ कॉलवर दगडी घरं दाखवत हसायचे. “मूठभर माणसं, न् त्यालाबी सरपंच! बाई हाय, लई मायाळू.”

त्या सरपंचबाईंकडे माझा नंबर होता. त्यांचे फ्रेंच निरोप फोनमधल्या भाषांतराने मराठीत करून मी मामींना वाचून दाखवायची.

गेल्या जूनमध्ये मी मामींच्या वस्तीवर असताना दुपारी निरोप आला. ‘आज सकाळी सखाराम वर गेले. आता त्यांच्याशी बोलणं होणार नाही.’

मी तो मोठ्याने वाचला. मामांचा फोन बंद होता. मामींनी उंबऱ्यावर हात आपटले. बांगड्यांच्या हिरव्या काचा माझ्या पायांपर्यंत आल्या. मी सरपंचबाईंना लिहून विचारलं, देह कधी मिळेल?

संध्याकाळी फोटो आला. हिरव्या कुरणात मेंढ्या, मधे काठीला टेकलेले मामा. खाली लिहिलं होतं, ‘कुणाचा देह? मी आत्ताच वर जाऊन आले. उन्हाळ्यात मेंढ्या वर नेतात, तिथे फोन लागत नाही.’

‘मेंढरं वर नेली’ हे आमच्या घरात रोजचं बोलणं. मला मात्र त्या शब्दाचा एकच अर्थ सुचला होता. हे अजून पटत नाही.

मामी रागावल्या नाहीत. मोकळ्या हातांकडे बघत म्हणाल्या, “आता त्येंनीच येऊन भराव्यात.”

मामा खाली आले तेव्हा मी फोनवर रडले. ते हसतील असं वाटलं होतं. पण म्हणाले, “चूक माझी हाय. त्या बाईला मी ‘येतो’ शिकवलंच नाय.”

या जूनमध्ये, मेंढ्या वर न्यायच्या दिवसांत, सरपंचबाईंचा निरोप आला. भाषांतर लागलं नाही. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता: येतो.

मी तीनदा तपासला, मगच मोठ्याने वाचला. मामींनी मोकळ्या मनगटावरून हात फिरवला आणि विचारलं, “कवा?”