अण्णांचा जिना

विषमज्वरातून माझे वडील, अण्णा, उठले तेव्हा त्यांच्या पायांत जीवच उरला नव्हता. आईने त्यांचं अंथरूण माडीवरून खाली आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ताप गेलाय. आता रोज थोडा थोडा जिना चढा, नाहीतर पाय असेच राहतील."

आईला ते ऐकवेना. तिचा भाऊ अशाच तापातून उठून अंगणापर्यंत चालला होता आणि तिथेच कोसळून वारला होता.

एका दुपारी ती शहापुरातल्या देवळात गेली, तशी अण्णांनी मला हाक मारली. "माझ्या मागं ये गं. पण धरू नकोस."

आमचा जिना लाकडी आणि उभा होता. आधाराला वरून सोडलेला दोर तेवढा होता. अर्ध्यावर अण्णांचे पाय लटलटू लागले. तेवढ्यात आई दारात आली. ती ओरडेल, अण्णा दचकतील आणि आम्ही दोघं खाली येऊ, अशी मला भीती वाटली.

ती ओरडली नाही. पूजेचं ताट खाली ठेवून ती जिन्याखाली हात पसरून उभी राहिली. अण्णांनी मागे न बघता दोर घट्ट धरला आणि पुढचा पाय उचलला.

माडीवर ते भिंतीला टेकून बसले. सदरा घामाने भिजला होता. आई वर आली. "आता उतरणार कसे?"

"तू हाईस की खाली."

दुसऱ्या दिवशी तिनेच दोर ओढून बघितला आणि म्हणाली, "चला, मी मागं हाय."

दिवाळीनंतर अण्णा पुन्हा शाळेत शिकवायला चालत जाऊ लागले.