टेकचंदनं गांजा सोडल्याची साक्ष

बपेऱ्यात सायकलवरून पोलीस आला की लोक आधी आपापल्या भानगडी आठवतात. अठ्ठ्याहत्तरच्या पौषात आलेला जमादार मात्र टेकचंदचं घर विचारत आला. अर्ध्या गावाचा जीव भांड्यात पडला. टेकचंदचा तेवढा टांगणीला लागला.

टेकचंद दंडार मंडळाचा ढोलकीवाला होता. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, गावोगाव नाच-सोंगं करणारं हे मंडळ त्यानं चार वर्षांपूर्वी सोडलं होतं. भंडाऱ्याजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात पहारेकरी म्हणून त्याची निवड झाली होती. राहिली होती फक्त चौकशी. फॉर्मात नशापाण्याचा रकाना होता, खाली छापलेलं होतं, 'माहिती लपवल्यास नोकरी जाईल'. ते त्यानं तीनदा वाचलं. सरकारला सगळं ठाऊक असतं, नुसतं आपल्याला खेळवतं, असा त्याचा पक्का संशय. म्हणून त्यानं लिहून टाकलं, 'दोन वर्षे गांजा ओढला. चौऱ्याहत्तर साली सोडला.'

कारखान्याच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ओढला त्याचं एवढं नाही. सोडला हे खरं निघालं पाहिजे. गावात विचारू."

घरी येऊन हे सांगायचं, तर आईपुढं, गिरजाबाईपुढं, गांजाचं नाव काढावं लागलं असतं. म्हणून फॉर्मात काय लिहिलं ते त्यानं गावात कोणालाच कळू दिलं नाही.

जमादारानं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कागद उघडला. पहिला आला तुलाराम. टेकचंदनं पहिली चिलीम घेतली ती याच्याच हातून.

"गांजा? नाही जी! टेकचंद त विडीलेही हात लावत नाही."

मग शेजारच्या सुलोचनाबाई. "सुपारीनं चक्कर येते त्याले, बाप्पा!"

पाचव्या साक्षीपर्यंत टेकचंद निव्वळ दुधावर वाढलेला संत झाला होता. जमादाराची पेन्सिल थांबली.

"यानं सोताच्या हातानं लिहून देलं, गांजा ओढत होतो म्हणून. अन् तुमी सारे नाही म्हणता. मंग सोडला कोनं? सारा गाव मिळून काय लपवून राहिला?"

तुलारामनं टेकचंदकडे असं पाहिलं, जणू यानंच त्याला पोलिसांत दिलं. पंचायतीच्या दाराशी उभ्या गिरजाबाईनं तर पोराकडे पाहिलंच नाही. आणि जमादाराच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं: अजून ओढत असणार, त्याशिवाय का सगळे झाकतात?

एवढ्यात समोरच्या किराणा दुकानातून भैय्याजी उठून आले. मंडळ चालवायचे ते, आणि चार वर्षांत टेकचंदशी एक अक्षर बोलले नव्हते. हा माणूस आज सूड उगवणार.

"ओढत होता!" भैय्याजी कडाडले. "लिवा. दोन हिवाळे ढोलकीपेक्षा चिलीमच जास्त वाजवली त्यानं!"

"अन् सोडला?"

"सोडला ना! तेच त दुखणं आहे जी. भाऊबीजेची मंडई, समोर हजार माणूस, अन् हा पडद्यामागं म्हणते, चिलीम फिरते तिथं मी बसत नाही. ढोलकी ठेवली अन् गेला घरी! थाळी बडवून नाच केला आमी! दर दिवाळीले या तुलारामले धाडतो, एक झुरका मार अन् ये म्हणून. येत नाही, बेईमान!"

तुलारामनं मान खाली घातली. जमादार भराभरा लिहीत होता. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "चिलीम कोनाची होती?"

भैय्याजी थबकले. "मंडळाची," म्हणाले, आणि त्यांना दुकानातलं गिऱ्हाईक आठवलं.

फाल्गुनात नोकरीचा हुकूम आला. गिरजाबाई एवढंच म्हणाली, "मले तवा वास येत नोयता का रे?"

चौऱ्याऐंशी साली भैय्याजी कामगार भाच्याला भेटायला कारखान्याच्या फाटकावर आले. आत विडी-काडीपेटी न्यायची सक्त मनाई, झडती घेणारा टेकचंद. तो वाकून पाया पडला आणि उठता उठता म्हणाला, "खिसे दाखवा, भैय्याजी."

"माह्यावर शक? माह्या साक्षीवर नोकरीले लागला तू!"

"म्हणूनच जी. चिलीम मंडळाची होती. खिशात कोन ठेवे, ते मले माहीत आहे."

भैय्याजींनी काडीपेटी काढून टेबलावर आपटली. टेकचंद दुसऱ्या खिशाकडे बोट दाखवत तसाच उभा राहिला.