ठकीलाही सुतक

अक्का गेल्याची बातमी तिच्या मुलानं, सुट्टीवर घरी आलेल्या दादानं, फोनवर दिली, तेव्हा मी नववीचा तास घेऊन वर्गातून नुकतीच बाहेर पडले होते. "रुपे, अक्का गेली गं. झोपेतच गेली. लगेच नीघ," एवढं बोलून तो थांबला. त्याला हुंदका आला होता. मग आवाज सावरून म्हणाला, "आणि हे मांजर तिच्या अंथरुणावरनं हलंना झालंय. काय करायचं ह्याचं?" मी शाळेच्या जिन्यात रडत उभी होते. साताऱ्याहून सांगलीला पोचेपर्यंत घरच्यांनी आपल्या परीनं उत्तर काढलेलं होतं. मढ्यावरून मांजर जाऊ नये म्हणून ठकीला न्हाणीत कोंडलं होतं… या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. अक्कावर लिहायला बसलं की अजूनही डोळ्यांत पाणी येण्याआधी राग येतो. तो गिळून लिहिता आलं असतं. पण अक्कानं मला रागासकट पोसलं होतं, तेव्हा तो इथे लपवण्यात काही अर्थ नाही.

अक्का माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आम्ही माण तालुक्यातल्या एका वाडीतले. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. माझा निकाल लागला तेव्हा अक्का सांगलीहून आली आणि वडिलांना म्हणाली, "पोरगी हुशार हाय तर शिकू दे की. माझ्याकडं राहील. तुला काय, रोज दोन भाकरी कमी थापाव्या लागतील." वडील काही बोलायच्या आत तिनं माझे कपडे पिशवीत भरायला घेतले होते. गावभागातल्या तिच्या दोन खोल्यांत मी अकरावीपासून पदवीपर्यंत राहिले. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. मामा पलटणीतून निवृत्त झालेले, बोलायला कमी. अक्का मात्र अखंड बोलायची. माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक उलटं धरलं असतं तरी तिला कळलं नसतं, पण ताटात भाकरीचा तुकडा उरला की दुसऱ्या खोलीतून तिला कळायचं. "आधी खा. मग ती तुझी गुरुत्वाकर्षणं," असं म्हणून ती समोर बसायची आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठायची नाही. आज मी मुलांना विज्ञान शिकवते. ते कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मला तिचं ते समोर बसणं आठवतं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मामांच्या जुन्या ट्रंकेमागे एका मांजरीनं पिल्लं घातली आणि थोड्या दिवसांनी एक मागे ठेवून बाकीची घेऊन ती गेली. मागे राहिली ती ठकी. काळी-पांढरी, एका कानाला जन्मापासून चीर असलेली. मामा गेले, मी नोकरीला साताऱ्याला आले, दादा तर आधीच विट्याच्या मंडळींबरोबर सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत जाऊन बसला होता. मग त्या घरात दोघीच उरल्या. एक बोलणारी आणि एक ऐकणारी.

गेल्या वर्षी ठकी खाईना झाली. पाठीचा कणा हाताला लागायला लागला, दिवसभर पाण्याच्या भांड्यावर हनुवटी टेकून बसायची, पिवळं ओकायची. एक दिवस अक्कानं तिचा कान उन्हाला धरून बघितला तर आतली कातडी हळदीसारखी. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. "आवं अक्का, मांजराला कवा कावीळ हुती व्हय? पोत्यात घाला आणि मासळी बाजाराकडं सोडून या. तिथं काय बी खाऊन जगंल." अक्का म्हणाली, "तुमचं मालक पिवळं पडलं हुतं, तवा तुमी त्यास्नी सोडून आला हुता काय?" काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. हे अक्कानं मला फोनवर इतक्या आनंदानं सांगितलं की ठकीच्या दुखण्याचं सांगायला ती विसरली, मला परत फोन करून विचारावं लागलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की यकृत खराब झालंय. वय झालंय, पूर्वीसारखं होणार नाही, पण औषधावर आणि खाण्यावर काही काळ चांगला जाईल. एक गोष्ट त्यांनी अक्काला दोनदा बजावली. माणसाच्या काविळीत आपण पथ्य म्हणून खाणं तोडतो, ते इथे अजिबात करायचं नाही. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि ते बंदच पडतं. तिला मांस हवं, आणि ती खात नसेल तर भरवायचं. अक्कानं ते मंत्रासारखं पाठ केलं. कोंबडीचा तुकडा शिजवायचा, पाट्यावर गंधासारखा वाटायचा, कोमट पाण्यात सैल करायचा, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरायचा. मग मामांच्या जुन्या टॉवेलात ठकीला गुंडाळून मांडीवर घ्यायचं आणि तोंडाच्या कडेनं थोडं थोडं सोडायचं. "गिळ बाई. डॉक्टरास्नी मी काय तोंड दाखवू?" सुट्टीत गेले की हे काम ती माझ्याकडून करून घ्यायची आणि माझ्या हाताला नावं ठेवायची. "एवढी बी.एस्सी. झालीस आन् एक घास सरळ जाईना व्हय तुझ्याच्यानं?" दिवाळीत दादा आला, तेव्हा हे बघून हसला. "अक्का, स्वतःच्या गोळ्या ध्यानात राहत न्हाईत तुझ्या, आणि मांजराच्या बऱ्या राहत्यात." अक्का म्हणाली, "माझ्या गोळ्या मला गिळाय येत्यात. तिला येत न्हाईत."

इतकं सगळं त्या घरानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणूनच मला राग येतो. कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

अक्काला नेलं त्या दिवशी मी न्हाणीची कडी काढली आणि वहिनीला विचारलं, "हिला कुणी खायला घातलं का?" वहिनी म्हणाली, "घातलंय की." घर माणसांनी भरलेलं, वहिनी उभ्या उभ्या चहा गाळत होती, मी विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर ठकीची बशी बघितली, तर दूध-चपातीचा लगदा वाळून गेलेला, वर मुंग्या. ठकी पाट्याआड अंग चोरून बसलेली. तोंड उघडून बघितलं, हिरड्या पिवळ्याजर्द. मी फ्रीज उघडला. अक्कानं डब्यात ठेवलेली शिजवलेली कोंबडी गायब होती. वहिनी हळूच म्हणाली, "सुतक लागल्यावर टाकून दिली, ताई. घरात कशी ठेवायची?"

मी दादाकडे गेले. तो बाहेर सतरंजीवर पाहुण्यांत बसला होता. म्हटलं, "दादा, ठकीसाठी कोंबडी आणते. मी शिजवते, मीच भरवते, तुम्ही कुणी हात लावू नका." तो म्हणाला, "रुपे, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? घरात सुतक हाय."

"सुतक तुम्हाला आहे. मांजराला नाही."

"घराला हाय. तेरा दिवस तर हायत. चौदाव्या दिवशी तिला अख्खी कोंबडी घालू, मग तर झालं?"

"तोवर ती राहायची नाही."

"माणसं एकादश्या करत्यात, मरत्यात काय?"

पाहुण्यांतले दोघं-तिघं हसले. मयताच्या घरी तीन दिवसांनी पहिल्यांदा कुणी हसलं असेल, ते यावर. मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "लोकं काय म्हणतील गं? अक्काच्या सुतकात मी कोंबडी शिजवली म्हणतील." मग त्यांनी दार लोटून घेतलं.

हे लोक वाईट नाहीत, हे मला कळतं. दादा आईसाठी खरा रडला, चार माणसांनी धरावं लागलं त्याला. यातल्या कुणालाही ठकीला काठी मारायला सांगा, कानावर हात ठेवतील. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण तिला घासभर खायला न देता मरू दिलं, तर त्याला काहीच द्यावं लागत नाही. ते पापाच्या हिशेबात नाहीच. उलट आपण धर्म पाळला, असं समाधान वर. मारायचं नाही आणि जगवायचंही नाही… असली सोय आम्ही फक्त जनावरांसाठी करून ठेवली असती तरी एक वेळ मी गप्प बसले असते. माझ्या आजोळी काविळीनं आजारी पडलेली माणसंही मी अशीच वाळताना पाहिली आहेत, साळीच्या लाह्यांवर, पथ्य मोडू नये म्हणून.

मी ठकीला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, पोटात थोडं गेलं, पण ते म्हणाले, "दवाखान्यात ठेवून उपयोग नाही. दिवसातून चार-पाच वेळा भरवणारं माणूस हवं. आता खंड पडला तर माझ्या हातात काही राहणार नाही." मी घरी जाऊन माझी पिशवी भरली. दादा दारात आडवा आला. "तुला सुतक न्हाई, भाची हायस, जायाला मोकळी हायस. पण दहावा टाकून? तिनं तुला पोटच्या पोरीगत वाढवलं."

"म्हणूनच चाललेय," मी म्हटलं.

साताऱ्याच्या एसटीत कंडक्टरनं टोपलीकडे बोट केलं. "कोंबडी हाय का? तिकीट लागंल." मी म्हटलं, "मांजर आहे. आजारी आहे." त्यानं वाकून बघितलं. "बया, लय पिवळं पडलंय की. खिडकीकडं बसा, वारं लागंल." त्या आठवड्यात ठकीबद्दल नीट बोललेला डॉक्टरांव्यतिरिक्त तो एकच माणूस.

दहाव्याला दादाचा फोन आला, तेव्हा ठकी टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होती. "रुपे, घाटावर हाय. तास झाला, कावळा पिंडाला शिवंना. सगळं बोलून बघितलं. घर विकत न्हाई म्हणलो, पोरांचं नीट करतो म्हणलो. तिचा जीव तुझ्यात हुता. तू बोल कायतरी. फोन स्पीकरवर टाकतो." मागे कृष्णाकाठचा वारा ऐकू येत होता आणि कुणीतरी "काव काव" करून हाका मारत होतं. मला ती सगळी माणसं दिसली. हात जोडलेली, उन्हात तिष्ठत, एका पाखरानं चोचभर भात उचलावा म्हणून विनवण्या करणारी. शिक्षणानं आलेली माझी भाषा त्या क्षणी गळून पडली. "दादा, मी ठकीला भरवतीया. कावळा थांबंल, ही थांबायची न्हाई." आणि फोन ठेवला.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, असं वहिनीनं नंतर कळवलं. अक्काचा आत्मा माझ्यामुळे अडकला, असं नात्यात बोलतात. बोलोत. अक्काला ज्यांनी एकदा जरी कुणाला जेवू घालताना पाहिलंय, त्यांनी हे बोलावं, याचा मला फार संताप येतो. तो कमी व्हावा, अशी माझी इच्छाही नाही.

ठकी बरी होणार नाही. कानात अजून पिवळेपणा आहे, औषधं चालू आहेत. साताऱ्यात आल्यापासून सिरिंजशिवाय तिनं काही घेतलं नव्हतं. काल सकाळी शाळेला निघताना कोंबडीची बशी तिच्यापुढे ठेवली. तिनं वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. माणूस समोर असलं की ती तोंड लावत नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी चार पावलं मागे झाले, दाराआड गेले आणि तिथे गप्प उभी राहिले. शाळेची घंटा चुकणार होती. बराच वेळ काही झालं नाही. मग बशी फरशीवर सरकल्याचा आवाज आला.